पर्सोना ५ रॉयल: पहिले वीस तास कसे काढायचे (आणि एसपी, म्हणजे जादूचा साठा, कसा पुरवायचा)

मागच्या महिन्यात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की बाबा हा गेम सगळे एवढा डोक्यावर घेतात पण आम्ही दोन तास खेळलो आणि बंद केला, नुसती बडबड चालू असते, पुढे जायचं कसं? तिघांना वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. माझे स्वतःचे आत्ता चोवीस तास झालेत, पहिला पॅलेस, म्हणजे पहिल्या व्हिलनचा अड्डा, संपलाय, गेममध्ये मे महिना चालू आहे, म्हणजे मी काही उस्ताद नाही. पण सुरुवातीला कुठे अडकायला होतं ते अजून ताजं आहे आणि शंभर तास खेळून झालेल्या माणसाला नेमकं तेच आठवत नाही, म्हणून म्हटलं लिहावं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हा गेम मारामारीचा दिसतो, पण आहे कॅलेंडरचा. तुम्ही टोकियोमधल्या एका शाळेत बदलून आलेला मुलगा आहात, एप्रिलपासून एकेक दिवस पुढे सरकतो, दुपारी शाळा सुटल्यावर एक काम आणि रात्री एक काम, एवढंच हातात. (त्यांची शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, आपल्यासारखी जूनमध्ये नाही, त्यामुळे नवीन वर्ग, नवीन दप्तर, सगळं चेरीच्या फुलांच्या सीझनमध्ये.) तलवार कुठली घ्यायची, लेव्हल किती वाढवायची हे प्रश्न आहेत, पण दुय्यम. खरा प्रश्न रोज एकच असतो: आजची दुपार कुणाला द्यायची. हे कळलं की गेम उलगडतो, नाही कळलं तर दोन तासांत बंद.

कॅलेंडरची ही पद्धत या मालिकेत २००६ च्या पर्सोना ३ पासून आली. मालिका त्याच्याही दहा वर्षं आधीची, १९९६ ची, अ‍ॅटलस कंपनीची. पर्सोना ५ जपानमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये आला, आणि त्याचीच वाढवलेली आवृत्ती म्हणजे रॉयल, जपानमध्ये ऑक्टोबर २०१९ आणि बाकी जगात मार्च २०२०. तेव्हा फक्त प्लेस्टेशन ४ वर होता, २१ ऑक्टोबर २०२२ पासून स्विच, एक्सबॉक्स, पीसी सगळीकडे मिळतो. घेताना रॉयलच घ्या. जुना स्वस्तात मिळाला तरी नको, कारण रॉयलमध्ये नुसती गोष्ट वाढवलेली नाही तर खेळायला त्रास देणाऱ्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त केल्यात, उदाहरणार्थ बंदुकीच्या गोळ्या. जुन्यात पॅलेसमध्ये एकदा शिरलात की जेवढ्या गोळ्या तेवढ्याच, रॉयलमध्ये दर लढाईला पुन्हा भरतात. हा फरक किती मोठा आहे ते खाली कळेल.

सेटिंगचं पटकन उरकतो. भाषा इंग्रजी, मराठी-हिंदी काही नाही, आणि वाचायला भरपूर, अक्षरशः भरपूर, तेव्हा छोट्या स्क्रीनवर खेळणार असाल तर चष्मा जवळ ठेवा. आवाज जपानी लावा की इंग्रजी ही ज्याची त्याची आवड, दोन्ही आहेत. मी जपानी लावलाय, पण लढाई चालू असताना पात्रं जी मध्येच बोलतात ते वाचता वाचता चुकतं, तर त्यासाठी इंग्रजी सोयीचा पडतो. डिफिकल्टी नॉर्मल ठेवा. जड गेलं तर नंतर मेनूत जाऊन बदलता येते, त्यामुळे सुरुवातीलाच ईझी घेऊन स्वतःचा पोपट करून घेऊ नका. आणि २०२२ च्या आवृत्तीत पूर्वी वेगळे पैसे देऊन घ्यावे लागणारे जादा पर्सोना (पर्सोना म्हणजे लढाईत तुमच्या बाजूने लढणारी शक्ती) आधीच फुकट दिलेत. त्यांना पहिला पॅलेस संपेपर्यंत हात लावू नका, त्यातले काही इतके दणकट आहेत की सुरुवातीच्या लढायांत शिकायला काही उरतच नाही.

आता सुरुवात. गेम उघडतो तो थेट कॅसिनोत, झुंबरांवरून उड्या मारत, भारी म्युझिक, आणि तुम्ही म्हणता वा काय गेम आहे, आणि दहा मिनिटांत तुम्ही पोलिसांच्या कोठडीत. मार बसलेला, औषध टोचलेलं. एक जण कबुलीजबाबाचा कागद पुढे करतो, सही कर म्हणतो, आणि तिथे नाव टाकायचा बोर्ड उघडतो. म्हणजे तुम्ही तुमच्या हिरोचं नाव ठेवता ते त्याच्या कबुलीजबाबावर सही करून. नाव टाकायची इतकी भारी जागा मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये बघितली नाही. तर तिथे गडबडीत काहीतरी टाकू नका, शंभर तास तेच नाव बघायचंय. पुढे मे महिन्यात तुमच्या चोरटोळीचंही नाव ठेवायला सांगतात, माझ्या एका मित्राने तिथे 'मिसळपाव' टाकलं, आणि आता गंभीर सीन चालू असताना मध्येच मिसळपाव येतं आणि त्याला हसू आवरत नाही. तुमची मर्जी.

यानंतर गोष्ट मागे जाते, ९ एप्रिलला, आणि इथून पुढचे चार-पाच तास गेम तुमचं बोट सोडत नाही. हाच तो भाग जिथे लोक बंद करतात. चार पावलं चाला, सीन. दार उघडा, सीन. रात्री खोलीत काही करावं म्हटलं तर मॉर्गाना नावाचं बोलणारं मांजर म्हणतं, आज दमलायस, झोप. (इंटरनेटवर या मांजराच्या नावाने जेवढी बोटं मोडली गेली असतील तेवढी एखाद्या व्हिलनच्या नावाने नसतील.) यावर उपाय म्हणजे हे चार तास गेम म्हणून बघूच नका, सिरीयलचे पहिले एपिसोड म्हणून बघा, जेवून झाल्यावर दोन रात्रींत उरका, आणि मध्ये सेव्ह करायची संधी दिसली की करा, कारण ती फार वेळा येत नाही. सकाळी ऑफिस असेल तर रात्री साडेबाराला 'एवढा सीन संपू दे' म्हणू नका, तो संपत नसतो. मशीन स्लीपला टाका आणि गुमान झोपा.

पण या चार तासांत एक जागा आहे जी मला फार आवडली, आणि ती म्हणजे शिबुया स्टेशन. शाळेत जायला गाडी बदलायची असते, गिन्झा लाइन पकडायची, आणि गेम बाण-बिण न दाखवता तुम्हाला त्या स्टेशनात सोडून देतो. पाट्या वाचा आणि शोधा. मी दोनदा चुकीच्या जिन्याने वर आलो. दादरला पहिल्यांदा वेस्टर्नवरून सेंट्रलला जाणाऱ्या माणसाची जी अवस्था होते ती. आणि गंमत अशी की खऱ्या शिबुयातही गिन्झा लाइन भुयारी असून स्टेशन वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे खालती शोधणारा माणूस फसतोच. तुम्ही राहता ते योंगेन-जाया मात्र खोटं नाव, ते सांगेनजाया या खऱ्या वस्तीवरून घेतलंय. सांगेनजाया म्हणजे चहाची तीन दुकानं, यांनी एक वाढवून चार केली. तिथल्या लब्लांक नावाच्या कॅफेच्या माळ्यावर तुमचा मुक्काम, आणि लब्लांक हे लुपाँ चोराच्या गोष्टी लिहिणाऱ्या फ्रेंच लेखकाचं आडनाव, आणि तुमच्या हिरोच्या पहिल्या पर्सोनाचं नाव आर्सेन, म्हणजे त्याच लुपाँचं पहिलं नाव. चोरांची गोष्ट आहे हे घराच्या पाटीवरच लिहिलंय म्हणा ना.

आता एक गंभीर गोष्ट, आधीच सांगितलेली बरी. पहिला व्हिलन हा शाळेतला व्हॉलीबॉलचा कोच आहे, कामोशिदा, ऑलिंपिक मेडलवाला, शाळेची शान वगैरे. तो मुलांना मारतो, मुलींचा छळ करतो, आणि सगळ्यांना माहीत असून सगळे गप्प. यात एका मुलीचा आत्महत्येचा प्रयत्नही आहे. हे बघणं सोपं नाही, विशेषतः ज्यांना अशा गोष्टींचा जवळून त्रास झालाय त्यांना, तर तयारीने बघा. माझ्या मते पूर्ण सुरुवातीतला सगळ्यात ताकदीचा भाग हाच आहे, कारण राक्षस-बिक्षस नाही, स्टाफरूममध्ये बसलेला माणूस आहे. मात्र ज्या मुलीच्या बाजूने गेम एवढा पोटतिडकीने बोलतो, त्याच आनला (आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या मुलीची मैत्रीण, पुढे तुमच्या टोळीत येते) तासाभरात तंग ड्रेस देऊन कॅमेरा नको तिथे फिरवतो. हे मला पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

बरं, पॅलेस म्हणजे काय ते. बिघडलेल्या माणसाच्या मनात त्याला जग जसं दिसतं तसं ते तयार झालेलं असतं. कामोशिदाला शाळा म्हणजे स्वतःचा किल्ला वाटते, म्हणून किल्ला. आत शिरायचं, खजिन्यापर्यंतची वाट पक्की करायची, परत यायचं, मग त्याला चिठ्ठी पाठवायची की तुझं मन चोरणार आहोत, आणि दुसऱ्या दिवशी चोरी. डेडलाइन २ मे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हात मोकळे होतात, म्हणजे जवळपास दोन आठवडे मिळतात. कितीही आळस केला तरी शेवटचे तीन दिवस हाताशी ठेवा, एक वाट पक्की करायला, एक चिठ्ठीला, एक चोरीला. तारीख हुकली तर गेम ओव्हर, पण मागे जायची सोय गेम देतो, तेव्हा अगदी घाबरून जाऊ नका.

लढाई कशी लढायची हे सांगून कळत नाही, म्हणून माझी एक लढाईच सांगतो. किल्ल्यातला बोळ, पहारेकरी पाठमोरा, मी खांबाआड. मागून झडप घातली. (नेहमी मागून किंवा आडोशातून झडप घाला, म्हणजे पहिली पाळी आपली. त्याने आधी बघितलं तर सिक्युरिटी वाढते, आणि ती शंभरावर गेली की पॅलेसमधून बाहेर.) मुखवटा फाटला, आणि समोर दोन पिक्सी, म्हणजे पंखवाल्या छोट्या पऱ्या, आणि एक अ‍ॅगाथियन, मडक्यातून डोकं काढून बसलेलं येडं. पिक्सीला बंदूक सोसत नाही. जोकरने, म्हणजे आपल्या हिरोने, पहिलीवर बंदूक झाडली, ती पडली, आणि वीकनेसवर मारलं म्हणून त्यालाच आणखी एक पाळी. दुसरीवर झाडली, तीही पडली, परत एक पाळी. आता जोकरकडे अ‍ॅगाथियनसाठी काही नाही, तर बॅटन पास, म्हणजे ती पाळी मॉर्गानाला द्यायची. मॉर्गानाकडे वाऱ्याची जादू, गारू. अ‍ॅगाथियनला वारा सोसत नाही. आडवा. तिघे जमिनीवर, आमचे सगळे बंदुका रोखून भोवती उभे, आणि त्यांना एकदाही हात उचलायला मिळालेला नाही.

संपूर्ण गेमची लढाई हीच आहे. कोण कशाने पडतो ते शोधा, पाडा, पाळी वाढवा, नसेल जमत तर ज्याला जमेल त्याच्याकडे सरकवा. पहिल्यांदा भेटणाऱ्या शत्रूवर एकेक प्रकार करून बघा, एकदा कळलं की गेम स्वतःच लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी दाखवतो. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा, तुमचाही वीकनेस असतो, शत्रूही तुम्हाला पाडून जादा पाळी घेतो. जोकर मेला की बाकी तिघे ठणठणीत असले तरी गेम ओव्हर. जोकर मेला की संपलं. दोनदा लिहिलंय कारण मला दोनदा मरून कळलं.

आता तिघे पडलेत आणि आपण घेरलंय, तर दोन रस्ते. सगळे मिळून धुवून काढा, किंवा बोलणी करा. बोलणीत पैसे मागता येतात, वस्तू मागता येते, किंवा 'आमच्यात ये' म्हणता येतं, आणि तो आला तर तोच तुमचा पर्सोना होतो. नवीन असाल तर पहिल्या किल्ल्यात पैशांच्या मागे लागू नका, दिसेल तो एकेक आपल्यात घ्या. ते प्रश्न विचारतात आणि तीन उत्तरं समोर येतात. ठोकताळा असा: आनंदी स्वभावाचा असेल तर गमतीत बोला, भित्रा असेल तर प्रेमाने, रागीट असेल तर सरळ गंभीरपणे, उदास असेल तर मोघम. स्वभाव कोपऱ्यात लिहिलेला असतो. तरी चुकतं, चुकू द्या. तुमच्या लेव्हलच्या वरचा असेल तर तो कितीही गोड बोललात तरी येत नाही, 'तू अजून लहान आहेस' टाइप काहीतरी म्हणून कटवतो.

आणि इथे एक युक्ती, जी मला उशिरा कळली. प्रत्येक पर्सोना टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांमधल्या, एकेका पत्त्याचा असतो, आणि तुमचे मित्रही. अ‍ॅगाथियन चॅरियटचा, तुमच्या टोळीतला र्‍युजीही चॅरियटचा. पिक्सी लव्हर्सची, आनही लव्हर्सची. किल्ल्यातच भेटणारं मँड्रेक डेथचं, आणि वस्तीतली डॉक्टर ताकेमीही डेथची. ज्याला भेटायला जायचंय त्याच्या पत्त्याचा पर्सोना खिशात असेल तर ते नातं लवकर वाढतं. म्हणजे त्या एका लढाईतले मडक्यातलं येडं आणि परी तुम्हाला लढाईत नाही, तर र्‍युजीबरोबर पळायला जाताना आणि आनशी गप्पा मारताना उपयोगी पडतात. काय डोकं लावलंय राव.

पर्सोना जमले की ते वेल्वेट रूममध्ये नेऊन दोघांचा एक करायचा. ही खोली या वेळी तुरुंग आहे, आणि एकत्र करायची पद्धत म्हणजे गिलोटिन, सरळ मुंडकी उडवतात. कुणावरही जीव लावू नका, आर्सेनवरसुद्धा नाही. मी आर्सेनला आठ तास उगाच सांभाळला, पहिला म्हणून, आणि तो तोपर्यंत कुचकामी झाला होता. नोंद केलेला पर्सोना नंतर पैसे देऊन परत मिळतो, तेव्हा बिनधास्त कापा. आणखी एक, आपल्याकडच्या लोकांना आधी सांगायला हवं: पुढे खूप वरच्या लेव्हलला यात गणेश, सरस्वती, लक्ष्मी, पार्वती, शिव, विष्णू हे सगळे पर्सोना म्हणून आहेत, ग्रीक, नॉर्स, जपानी सगळ्या दैवतांच्या रांगेत. आणि तेही याच यंत्राखालून जातात. मला त्यात अपमानाचा हेतू दिसत नाही, सगळ्यांनाच तोच न्याय आहे, पण घरात आजी शेजारी बसलेली असेल तर तो सीन स्किप करता येतो, बटण आहे.

आता एसपी. यासाठीच खरं तर लिहायला बसलो. जादू करायला एसपी लागतो, आणि सुरुवातीला तो परत भरायचे मार्ग जवळपास नाहीतच. घरी जाऊन झोपलं की भरतो, पण घरी गेलं म्हणजे दिवस गेला. माझं काय झालं ऐका. पहिल्याच दिवशी हुरूप, पुढे पुढे पुढे, प्रत्येक लढाईत जादू, प्रत्येक ओरखड्याला मॉर्गानाचा उपचार, आणि किल्ल्याच्या अर्ध्यात एका सेफ रूममध्ये पोचलो तेव्हा मॉर्गानाकडे एसपी ४ आणि बाकीच्यांचीही बोंब. पुढे एक मोठा पहारेकरी. तरी गेलो. चाळीस मिनिटांची मेहनत पाण्यात, कारण सेव्ह त्याच्या आधीच्या सेफ रूममध्ये केलेला. का, तर या खोलीत शिरल्यावर सेव्ह करायचंच विसरलो. सेफ रूममध्ये पाऊल ठेवलं की पहिलं काम सेव्ह, मग बाकी गप्पा.

तर एसपी पुरवायचा कसा. बंदूक वापरा, भरपूर वापरा, गोळ्या दर लढाईला परत भरतात, त्यांचा साठा करून म्हातारपणी काय करणार? ज्याला बंदूक लागते त्याच्यावर जादू वाया घालवू नका. शत्रू मरायला टेकला असेल तर साधा वार करा. र्‍युजीचे शारीरिक हल्ले एसपी खात नाहीत, एचपी, म्हणजे जीव, खातात, आणि एचपी भरणाऱ्या वस्तू स्वस्त असतात, म्हणून आत शिरायच्या आधी ताकेमीच्या दवाखान्यातून औषधं आणि स्टेशनातल्या मशीनमधून कोल्ड्रिंकं घेऊन जा, आणि साठवून न ठेवता प्या. लढाईच्या मध्ये लगेच उपचार नको, बाहेर आल्यावर बघून करा. प्रत्येक पॅलेसमध्ये विल सीड नावाच्या तीन बिया लपवलेल्या असतात, रॉयलमधली नवीन भानगड, त्या उचलल्या की थोडा एसपी परत येतो, म्हणून एखादी बी कुठे आहे ते कळलं तरी तिला अडचणीच्या वेळेपर्यंत राखून ठेवता येतं. आणि पुढे जाऊन ताकेमीशी नातं वाढवलं की ती एसपी हळूहळू भरणाऱ्या पट्ट्या विकते, सगळे अनुभवी लोक तिच्या मागे का असतात त्याचं हे कारण. (तिचा स्वभाव हेही एक कारण, पण ते तुमचं तुम्ही बघा.)

इंटरनेटवर तुम्हाला लोक सांगतील की किल्ला एकाच दिवसात संपवायचा, म्हणजे बाकीचे दिवस वाचतात. खरंय, होतो. पण पहिल्या खेपेला त्याच्या नादी लागू नका. मी तीन दिवस घेतले आणि काही बिघडलं नाही. तशीच ती रोजची गाईड, 'अमुक तारखेला अमुक करा' वाली, ती उघडूच नका. दुसऱ्याने लिहून दिलेलं वेळापत्रक भरत बसायचं असेल तर त्यासाठी ऑफिस आहे. फक्त तीन नावं लक्षात ठेवा, दोनदा गेम संपवलेल्या मित्राने मला सांगितली आणि कारण सांगितलं नाही, सांगणारही नाही म्हणाला: शाळेत नंतर येणारा समुपदेशक मारुकी, जिम्नॅस्ट मुलगी योशिझावा, आणि शाळकरी डिटेक्टिव्ह अकेची. या तिघांना वेळ द्या. त्यातही मारुकीला १८ नोव्हेंबरच्या आत नात्याच्या नवव्या पायरीवर न्यायचंच, नाहीतर रॉयलसाठी पैसे दिलेला शेवटचा भाग उघडतच नाही. भिंतीवर लिहून ठेवा.

राहिल्या संध्याकाळी. ज्ञान, हिंमत, हातकसब, दया आणि मोहकपणा असे पाच गुण असतात, आणि ते कमी असले की काही लोक तुमच्याशी पुढे बोलतच नाहीत. यात वेळ न घालवता मिळणारे गुण आधी उचला. लब्लांकमध्ये रात्री टेबलावर शब्दकोडं पडलेलं असतं, ते सोडवलं की ज्ञान वाढतं आणि रात्र खर्च होत नाही. खोलीतल्या रोपट्याला खत घातलं की दया. सकाळी गाडीत कधीतरी बसायला जागा मिळते, तेव्हा पुस्तक वाचता येतं, तेही फुकट. म्हणून घरातून निघताना बॅगेत नेहमी एक पुस्तक ठेवा. मी दोन वेळा जागा मिळूनही हात हलवत बसलो कारण पुस्तकच घेतलं नव्हतं. समोरच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन आलं की मोहकपणा वाढतो. पाऊस असेल तर अभ्यासाला बसा, पावसात जास्त फळ मिळतं, आणि खरं सांगू का, पावसाळी रात्री त्या कॅफेत दिवा लावून बसलेला तो मुलगा, काउंटरमागे कप पुसणारा कॅफेचा मालक सोजिरो, बारीक वाजणारं पियानोचं गाणं, बाहेर गल्लीत पाणी, यात काही घडत नाही, एक बटण दाबायचं आणि ज्ञानाच्या तीन म्युझिक नोट्स उडतात, तरी मी ते स्किप करत नाही. सोजिरो आधी तुसडा वागतो. पहिल्या रात्री माळ्यावरचा कचरा दाखवून 'ही तुझी खोली' म्हणून निघून जातो. त्याला धरून राहा, तो पुढे कॉफी शिकवतो, आणि ती कॉफी एसपी भरते. शेवटी सगळे रस्ते एसपीकडेच.

किल्ल्याच्या बॉसबद्दल फार सांगत नाही, गंमत जाईल. एवढंच, की चिठ्ठी पाठवायच्या आधी खरेदी करून घ्या, शिबुयातल्या गल्लीत बंदुकांचं दुकान आहे तिथे सगळ्यांची शस्त्रं बदला, किल्ल्यात मिळालेली भंगार वस्तू तिथेच विका. आणि लढाईत मध्येच तुमच्यातल्या कुणाला तरी दुसरं काम करायला पाठवायचा पर्याय येतो, तेव्हा गांगरू नका, पाठवा, पण जोकरचा एचपी आधी भरून घ्या, कारण तोवर माणसं कमी पडतात.

मे महिन्यात, सुट्ट्या संपल्या की लगेच ११ तारखेपासून परीक्षा. वर्गात मास्तर मध्येच उठवून प्रश्न विचारतात ना (आणि डुलकी लागली की खडू फेकून मारतात, खरंच), त्यातलेच प्रश्न पेपरात परत येतात, त्यामुळे उत्तरं लिहून ठेवा. मी जुन्या ऑफिसच्या डायरीत लिहायला सुरुवात केली. परवा टेबलावर ती उघडी राहिली आणि आईने वाचली. मला म्हणाली, "अरे, परत कसली परीक्षा देतोयस?" मी म्हटलं, "अगं जपानची, अकरावीची." ती म्हणाली, "मागच्या वेळी अकरावीत एवढं लिहिलं असतंस तर," आणि भाजी टाकायला आत गेली.